आता कशाला पळतो?

पहाटे पावणेपाचला तिसगावच्या स्टँडवर चहाची एकच टपरी उघडी असते. तिथले मामा मला बघून रोज तेच विचारतात, "आता कशाला पळतो रे?"

त्यांचं चुकत नाही. मी पळायला लागलो तो पोलीस भरतीसाठी. आमच्या पाथर्डी तालुक्यात दिवाळी झाली की कितीतरी घरांना कुलूप लागतं, माणसं ऊसतोडीला जातात. आमच्याही घराला लागायचं. मला हातात कोयता नको होता म्हणून पायात बूट घातले. फिटनेस वगैरे शब्द नंतर आले. डोक्यात एकच आकडा होता. 1600 मीटर, 5 मिनिटं 10 सेकंद. तेवढ्यात आलं की 20 पैकी 20 मार्क.

हायवेवर करंजीच्या घाटातून आलेले ट्रक अंगावर येतात, म्हणून आम्ही पोरं मढीच्या रस्त्याला पळायचो. शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आमचा देव. आईबाप वीटभट्टीवर, हा पोरगा पळत शाळेत जायचा. बारावीनंतर सैन्यात गेला, तोही नोकरीसाठीच. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्याचं सुवर्ण 0.05 सेकंदांनी हुकलं. तो 8:11.20, केनियाचा किबिवोट 8:11.15. ती रेस मी मोबाईलवर किती वेळा बघितली, मोजलं नाही.

माझं दोन मार्कांनी हुकलं. पळण्यात नाही, लेखीत. पुढच्या भरतीत परत तेच. मग वय निघून गेलं.

त्यानंतर तीन महिने बूट खाटेखाली. झोप मात्र साडेचारलाच मोडायची. पडल्या पडल्या हिशेब सुरू व्हायचा, कोणता प्रश्न चुकला, कुठं क्लास लावायला पाहिजे होता. एका पहाटे उठून मढीच्या रस्त्याला लागलो, घड्याळ न लावता. दुसऱ्या किलोमीटरला दम लागला आणि हिशेब थांबला. दम लागल्यावर माणूस फक्त श्वासाचा विचार करतो. मला तेवढंच पाहिजे होतं. घरी आलो तर आईनं काही न विचारता पाणी तापवायला ठेवलं.

हे मामांना कसं सांगणार? मी हसून चहा पितो.

आता धाकटी बहीणही येते. तिला भरतीच करायची आहे. मुलींना 800 मीटर, 2 मिनिटं 50 सेकंद. अंधारात एकटी कशी जाणार, म्हणून मी बरोबर. खरं तर शेवटच्या दोनशे मीटरला ती मला मागं टाकते आणि वर ओरडते, "दादा, घड्याळ बघ!"

परवा 3:04 आलं. चौदा सेकंद.

मी तिला लेखीचं पुस्तक आणून दिलंय.