रास्त भावाच्या पुढे

तंबाखूला रास्त भाव मिळाला की निपाणी भागाचे निम्मे प्रश्न सुटतील, असं मी बरीच वर्षं मानत आलो. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग रोखला, पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. त्यानंतर भावाशिवाय दुसरं काही मागणं मला त्यांच्याशी प्रतारणा वाटे. त्या लढ्याबद्दलचा आदर आजही तेवढाच आहे. पण नुसत्या भावानं भागेल, असं आता वाटत नाही.

माझं मत बदललं ते शेतकऱ्यांकडे पाहूनच. वेदगंगा-दूधगंगेचं पाणी पोचलं त्या रानांत अनेकांनी तंबाखू सोडून ऊस धरला. व्यसनमुक्तीची व्याख्यानं ऐकून नव्हे. पाणी आलं आणि ऊस घेणारा कारखाना होता म्हणून. उसाचा किमान दर सरकार ठरवतं. व्हर्जिनिया तंबाखूला निदान तंबाखू मंडळाचा लिलाव आहे. बिडीच्या तंबाखूला तोही नाही, सगळी भिस्त व्यापाऱ्यावर. तरीही जिरायत शेतकरी ती लावतो, कारण पावसाळा सरल्यावर काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर हे पीक तग धरतं आणि वाळवलेला पाला भाजीसारखा चार दिवसांत नासत नाही. त्याला तंबाखूचं प्रेम नाही. हातात पैसा येईल असं दुसरं पीक त्याच्यापुढे कुणी ठेवलेलं नाही.

आणि वखारीतल्या बायका? तंबाखू कुटायची, चाळायची, दिवसभर ती धूळ छातीत घ्यायची. ऐंशीच्या दशकाच्या तोंडावर त्याही संघटित झाल्या, मजुरीसाठी लढल्या. ‘युगांतर’ गटानं त्यांच्यावर माहितीपटही केला. माझ्या रास्त भावाच्या हिशेबात मात्र त्यांची मजुरी कधी आलीच नाही. शेतकरी उसाकडे वळू शकतो. जिच्या नावावर गुंठाभरही रान नाही, तिनं वखार बंद पडल्यावर कुठं जायचं?

तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार भारतानं २००४ मध्ये मान्य केला. त्याचं सतरावं कलम शेतकऱ्यांबरोबर तंबाखू कामगारांनाही परवडणारा पर्याय द्यायला सांगतं. म्हणून आज माझी मागणी अशी: तंबाखू आहे तोवर तिचा खुला लिलाव व्हावा आणि वखारीत पुरती मजुरी मिळावी, तंबाखू कमी करायची तर आधी जिरायत पिकांची हमीनं खरेदी व्हावी आणि या बायकांसाठी दुसरं काम उभं राहावं. ज्यांच्या कष्टावर हा भाग उभा राहिला, त्यांच्यापैकी कुणालाही वाऱ्यावर सोडून होणारी तंबाखूमुक्ती मला मान्य नाही.