पाच अंशांचं घर

भंगारातून आलेल्या इंजिनाच्या वायरी बहुतेक वेळा तोडलेल्या असतात. खोलणाऱ्याला घाई असते, कटर हाताशी असतो आणि एकेक कपलर सोडवत बसण्याचे पैसे त्याला कुणी देत नाही. आमच्याकडे आलेल्या बलेनोच्या इंजिनातूनही रंगीबेरंगी टोकं लोंबत होती. ती ज्या डब्यात जाऊन मिळायची, तो इंजिनाचा मेंदू, म्हणजे ईसीयू, मात्र मूळ गाडीबरोबर कुठेतरी गेला होता.

इंजिन बसायचं होतं वडिलांच्या जिप्सी किंगमध्ये. तिचं कार्ब्युरेटरवालं १२९८ सीसीचं इंजिन ६० हॉर्सपॉवरचं. बलेनोचं १५९० सीसीचं, ९४चं. ही बलेनो म्हणजे १९९९ साली आलेली डिकीवाली सेदान, आजची हॅचबॅक नव्हे. दोन्ही इंजिनं सुझुकीच्या ‘जी’ घराण्यातली, त्यामुळे गिअरबॉक्सशी बऱ्यापैकी जमतं. टाकीत मात्र नवा पंप लागला, कारण कार्ब्युरेटरला पेट्रोल नुसतं पोचलं तरी पुरतं, इंजेक्टरला ते तीनेक बार दाबानं हवं असतं. आर.टी.ओ.च्या परवानगीचं पुराण वेगळं आहे, ते इथं लावत नाही.

प्रश्न डब्याचा होता. कुणी विचारलं तर मी आजही सांगते, मूळ ईसीयू अख्ख्या वायरिंगसकट मिळत असेल तर दुसरीकडे बघूसुद्धा नका. त्यात कुणीतरी उन्हाळे, हिवाळे, घाट, खराब पेट्रोल असं सगळं आधीच भोगून ठेवलेलं असतं. फक्त त्याला आपल्या घरची सगळी माणसं लागतात. वेगाचा सेन्सर, एसीचा स्विच, नव्या गाड्यांत किल्लीतली चिप, यातलं एक जरी दिसलं नाही तरी तो दिवा लावून रुसतो. मधे बसून मूळ ईसीयूला खोटे आकडे सांगणारे पिगीबॅक डबेही मिळतात. पण खोटं सांगायला आधी कुणीतरी असावं लागतं, आणि आमचा ईसीयूच बेपत्ता.

उरला कोरा डबा, ज्याला आपणच सगळं शिकवायचं. त्यातल्या हॅलटेक, मोटेक या महागड्या कंपन्या ऑस्ट्रेलियातल्या. मी घेतला तो स्पीडुइनो आर्डुइनोच्या बोर्डावर चालणारा, सगळ्यांना खुला; तो सुरू करणारा जॉश स्टुअर्टही ऑस्ट्रेलियाचाच. त्या देशात लोक संध्याकाळी दुसरं काय करतात कोण जाणे. त्याआधी २००१च्या सुमारास ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोन अमेरिकनांनी मेगास्क्वर्ट काढला होता. त्याचा किट आणून लोक स्वतः डाग देत बसायचे. या सगळ्यांचं मूळ १९६७ साली फोक्सवॅगन १६०० गाडीत आलेल्या बॉशच्या डी-जेट्रॉनिकपर्यंत जातं. सिलिंडरनं हवा किती ओढली हे थेट मोजायचंच नाही. मॅनिफोल्डमधला दाब बघायचा, इंजिनाचे फेरे बघायचे आणि ताडायचं. माझ्या हातातला बोर्ड तेच करतो.

ताडण्यासाठी त्याच्याकडे एक कोष्टक असतं. आडवे फेरे, उभा दाब, १६ गुणिले १६. प्रत्येक घरात एक टक्केवारी, म्हणजे या फेऱ्यांना, या दाबाला सिलिंडर कितपत भरतो. दोन घरांच्या मधलं तो स्वतः हिशेबानं काढतो. सुरुवातीला भरलेले आकडे दुसऱ्या कुणाच्या इंजिनाचे असतात, इंजिन निदान धडधडावं एवढ्यापुरते.

आमचे मिस्त्रीकाका कार्ब्युरेटरवर वाढलेले. त्यांनी लॅपटॉपकडे बघून विचारलं, “ताई, ह्यात मिक्स्चरचा स्क्रू कुठाय?”

मी कोष्टक दाखवलं. “हे सगळे स्क्रूच आहेत, काका.”

“किती?”

“२५६.”

“मग गिऱ्हाईकानं घरी कधी जायचं?”

त्यांचा प्रश्न मला नंतर फार वेळा आठवला. पण त्यांचं महत्त्व काही कमी झालं नाही. आयडलवर एक्झॉस्टमधला लॅम्ब्डा सेन्सर ‘पेट्रोल कमी’ असं सांगत होता. काकांनी मान तिरकी केली, ब्रेक बूस्टरच्या नळीवर अंगठा दाबला आणि आकडा जागेवर आला. पेट्रोल कमी पडलं की हवा चोरून आत शिरली, यातला फरक सेन्सरला कळत नाही. शिटी कानालाच ऐकू येते.

ताकदीचं ट्यूनिंग तुलनेनं सोपं असतं, हे ऐकून अनेकांना राग येतो. गाडी रोलरवर चढवायची, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा, लॅम्ब्डा ०.८६च्या आसपास ठेवायचा आणि स्पार्क नॉकिंगपासून चार हात लांब ठेवायचा. एका दुपारचं काम. शेवटी मित्रांना पाठवायला झोकदार आलेख मिळतो. त्या आलेखातली घरं पुण्याच्या रस्त्यांवर वर्षातून किती वेळा लागतात हे सिग्नलला उभं राहून मोजावं. गाडीचं खरं आयुष्य कोष्टकाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात जातं, हजार ते तीन हजार फेऱ्यांत, अ‍ॅक्सिलरेटरला पाय जेमतेम टेकलेला. तिथं दोन टक्के चुकले तरी गाडी अडखळते, आणि ते कुठल्याच आलेखात दिसत नाही.

त्यात पेट्रोलही बदललं. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला १४.७ किलो हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलं की साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के पेट्रोल जास्त. परदेशी कोष्टकं शुद्ध किंवा १० टक्केवाल्या पेट्रोलवर बेतलेली, त्यामुळे इथं ती मुळातच उपाशी. म्हणून मी हवा-पेट्रोलचं गुणोत्तर बघणं सोडून लॅम्ब्डाच बघते. पेट्रोलमध्ये काहीही मिसळा, हवा आणि इंधन बरोबरीला आले की तो १ म्हणतो.

मग मे महिन्यातला ताम्हिणी घाट. चढावर गाडी उत्तम. चहाच्या टपरीवर अर्धा तास थांबलो, पुन्हा स्टार्टर मारला तर गाडी चालू होऊन दमेकऱ्यासारखी धापा टाकायला लागली. मिनिटभरानं आपोआप शहाणी झाली. लॉगमध्ये उत्तर होतं. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर मॅनिफोल्डच्या धातूत बसवलेला होता. इंजिन बंद असताना तो धातू तापला, सेन्सर तापला, आणि सेन्सरनं ७० अंश असं कळवलं. आत येणारी हवा होती ३५ची. गरम हवा विरळ असते, म्हणून ईसीयूनं इमानदारीनं पेट्रोल दहाएक टक्क्यांनी कापलं. चूक त्याची नव्हतीच, त्याला बातमी चुकीची मिळाली होती. सेन्सर फिल्टरजवळच्या प्लास्टिकच्या नळीत हलवला, आणि हवेचा ओघ कमी असताना त्याचं म्हणणं थोडं कमी मानायचं असं लिहून ठेवलं.

पण सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो थंड स्टार्टनं. इंजिनाच्या आतल्या गार भिंतीवर पेट्रोलची वाफ होत नाही, ते ओघळून चिकटून बसतं, म्हणून सुरुवातीला भरपूर ओतावं लागतं आणि इंजिन तापेल तसतसं मागे घ्यावं लागतं. इथेनॉलला तर वाफ व्हायला उष्णता आणखीच जास्त लागते. जुन्या गाडीत वडील चोक ओढायचे आणि कानानं हळूहळू आत ढकलायचे; आता तेच तापमानाच्या एका ओळीत घराघरानं लिहायचं. अडचण अशी की पूर्ण गार इंजिन दिवसातून एकदाच भेटतं. पहाटे स्टार्टर मारला, गाडी दोनदा खोकली, त्या काही सेकंदांत दिसलं तेवढंच दिवसाचं उत्पन्न. एक आकडा वाढवायचा आणि उद्याची वाट बघायची. दुपारी पुन्हा करू म्हटलं तर भिंत कोमट असते, परीक्षाच बदलते. एक घर एप्रिलच्या पहाटे भरतं, त्याखालचं नोव्हेंबरच्या. मूळ ईसीयू बनवणाऱ्यांकडे थंड खोल्या असतात, महिन्याचं काम ते आठवड्यात उरकतात. मला पंचांगाप्रमाणे चालावं लागतं.

डिसेंबरपर्यंत १० अंशांचं घर भरलं. त्याखालचं पाच अंशांचं अजून दुसऱ्या कुणाच्या आकड्यावर आहे, कारण पुणे तेवढं क्वचितच गारठतं. तेवढी थंडी आपल्याकडे खात्रीनं मिळते ती निफाडला. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो, काही वर्षी पाचाच्याही खाली. तिथं माझ्या आत्याची द्राक्षबाग आहे. गाडी रात्रभर बांधावर उभी करू का, असं मी तिला फोनवर विचारलं.

“कर की,” आत्या म्हणाली. “पण पहाटे नुसती चालू करून परत झोपायचं असेल तर येऊ नकोस. त्या वेळी आम्ही बागेत शेकोट्या पेटवत असतो, लाकडं वाहायला गाडी लागते.”