खाचा

‘नटाच्या खाचा चॅनलच्या खाचेत नीट बसल्या आहेत याची खात्री करा.’

हे वाक्य माझे आहे. तीन वर्षांपूर्वी इंग्रजीतून मराठीत आणलेल्या एका माहितीपत्रकात, नवव्या पानावर, आकृतीच्या खाली ते छापले आहे. शब्दाला ठरलेल्या दराने त्याचे पैसे मिळाले, तेही वेळेवर, आणि मी ते विसरून गेले.

मी वडोदऱ्याची. घरात मराठी, फाटकाबाहेर गुजराती, अशा घरांतली. जादवपूरला तौलनिक साहित्यात एम.ए. केले, तिथेच बांगला शिकले, आणि गेली वीसेक वर्षे बांगला आणि गुजरातीतून मराठीत कथा-कादंबऱ्या आणते आहे. त्यावर घर चालत नाही. घर चालते ते पंप, बॉयलर, पाण्याच्या टाक्या आणि विजेच्या पेट्या यांच्या माहितीपत्रकांवर. सकाळचे ताजे तास कादंबरीला द्यायचे आणि जेवणानंतरच्या सुस्तीत पंप उरकायचे, अशी माझी विभागणी होती. पंप म्हणजे डाव्या हाताचा मळ. चूक झाली तर कोण बघणार आहे, असे मी कधी मोठ्याने म्हटले नाही. मनात मात्र होते.

ते माहितीपत्रक पाइप भिंतीला किंवा छताला धरून ठेवणाऱ्या सामानाचे होते. एखाद्या इस्पितळाच्या किंवा मॉलच्या तळघरात मान वर करून पाहिले, तर लाल-निळे पाइप ओळीने जाताना दिसतात. ते ज्या पत्र्याच्या पन्हळीला जखडलेले असतात, ती चॅनल. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या वेन या गावी चार्ल्स ॲटवूड यांनी 1924 साली या पद्धतीचा धंदा सुरू केला, आणि त्यांचे ‘यूनिस्ट्रट’ हे नाव पुढे सगळ्याच चॅनलांना चिकटले. आपल्याकडच्या साइटवरही कुणाही कंपनीची चॅनल ‘यूनिस्ट्रट’च असते. माप 41 बाय 41 मिलिमीटर. हा विचित्र आकडा आला कुठून, असा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. मूळ माप पावणेदोन इंचांना थोडे कमी, एक आणि पाच-अष्टमांश इंच. त्याचे मिलिमीटर केले की एक्केचाळीस. म्हणजे तो आकडाही भाषांतरितच.

या पद्धतीची गंमत अशी की तिला वेल्डिंग लागत नाही. चॅनलला पुढून लांबच्या लांब उघडे तोंड असते, बावीस मिलिमीटर रुंद. तोंडाचे दोन्ही काठ आत वळवलेले असतात. पाठीला ठरावीक अंतरावर लंबगोल भोके असतात, चॅनल भिंतीला ठोकण्यासाठी. आणि पाइपची पकड जिथे हवी तिथे बसवण्यासाठी एक खास नट असतो. तो उभा धरून तोंडातून आत सारायचा आणि पाव फेरा फिरवायचा. तो आडवा होतो आणि आत वळलेल्या काठांच्या मागे अडकतो. नटाच्या वरच्या अंगाला दोन चर असतात आणि चरांत बारीक दाते. काठ त्या चरांत बसले आणि वरून बोल्ट आवळला, की दाते पोलादात रुततात. काही नटांना मागे स्प्रिंगही असते. बोल्ट येईपर्यंत ती नटाला जागेवर दाबून धरते.

आता पुन्हा माझे वाक्य वाचा. चॅनलचे तोंड, तिच्या पाठीची भोके आणि नटाचे चर या तिन्ही गोष्टींसाठी इंग्रजीत वेगवेगळे शब्द होते. मी तिन्हींना ‘खाच’ म्हटले होते. सुतारकामाची खोबण मला माहीत होती, पण ती खेडवळ वाटली. नटाच्या दात्यांचा उल्लेख मूळ वाक्यात होता. माझ्यात तो गळला, कारण ‘दाते असलेल्या खाचा’ कानाला बरे लागेना. कानाला! जादवपूरच्या वर्गात आम्ही समतुल्यतेवर तासन्‌तास वाद घालत असू. एका शब्दाला तीन अर्थ देण्याला तिथे मी बहुधा संपन्नता म्हटले असते.

फोन आला तो एजन्सीकडून. सुरतेतल्या एका बांधकामावर मराठी माहितीपत्रकाबद्दल तक्रार होती. ‘खुलासा लेखी पाठवा,’ एवढेच. मी खुलासा लिहायला बसले आणि तो माझ्याच्याने होईना, कारण नेमके काय झाले ते ठाऊक नव्हते. शेवटी साइटवरच्या फोरमनचा नंबर मागून घेतला आणि स्वतःच्या खर्चाने सकाळची गाडी धरली.

सुरत मराठी माणसाला परकी नाही. उधना, लिंबायत या भागांत धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसे एवढी आहेत की रिक्षावाल्याशी गुजरातीत बोलावे आणि त्याने मराठीत उत्तर द्यावे. मराठी माहितीपत्रक निघाले होते ते याच लोकांसाठी. फोरमन मात्र ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातला निघाला. तिकडच्या प्लंबरांनी भारतभरच्या इमारतींची नळजोडणी केलेली आहे. पट्टामुंडाईला त्या कामाची सरकारी संस्थाही आहे. त्यांचे वय साठीकडे झुकलेले, बोलणे हिंदीत. मला त्यांनी आधी हेल्मेट दिले, मग चहा, आणि मग तळघरात नेले.

‘देखिए, मॅडम,’ ते म्हणाले आणि भिंतीवर टॉर्च मारला.

भिंतीवर उभ्या चॅनला होत्या, तीन-तीन मीटरवर, आणि त्यांच्यावरून आडवा चार इंची पाइप गेला होता. चार इंची हे नुसते नाव. बाहेरून मोजला तर तो 114 मिलिमीटर, म्हणजे साडेचार इंच भरतो. एक इंची पाइप तर आणखी फसवा: लोखंडाचा घेतला तर बाहेरून जवळपास 34 मिलिमीटर, गरम पाण्याच्या सीपीव्हीसीचा घेतला तर साडेअठ्ठावीस, आणि पंचवीस मिलिमीटर कुणीच नाही. पकड घेताना नावावर जाऊन चालत नाही, बाहेरचा व्यास बघावा लागतो. हे फोरमननी मला चालता चालता सांगितले. माहितीपत्रकात ते चौथ्या पानावर होते, आणि मी ते भाषांतर करूनही वाचले नव्हते.

तर असा पोलादी पाइप रिकामा असताना मीटरला बारा किलो भरतो आणि पाण्याने भरला की एकवीसच्या आसपास. दोन चॅनलांत तीन मीटर अंतर, म्हणजे प्रत्येक पकडीवर साठ किलोहून जास्त. चॅनल उभी असल्यामुळे हे सगळे वजन नटाला खाली ओढते, आणि त्याला थोपवणारे असतात फक्त ते दाते. पाण्याची चाचणी घेताना पाइप भरला आणि एक नट घसरला. वीतभर खाली आला, पाइपला झोळ पडला, सांधा सुटला, तळघरात पाणी झाले. माणसाला काही झाले नाही. ‘लडका पाँच मिनट पहले सीढ़ी से उतरा था,’ फोरमन म्हणाले, आणि पुढच्या चॅनलकडे वळले.

उघडून पाहिले तेव्हा त्या चॅनलवरचा आणि तिच्या शेजारचा, दोन्ही नट तिरके होते. उभा आत घातलेला नट पुरता आडवा झालाच नव्हता. बोल्ट आवळताना तो बोल्टाबरोबर थोडा फिरला आणि मध्येच कोपऱ्यांवर अडकून राहिला. यातला धोका असा की बोल्ट हाताला घट्टच लागतो. पान्यालाही घट्ट लागतो. बाहेरून काही कळत नाही.

मी विचारले, माझ्या कागदामुळे झाले का हे?

‘कागज कौन पढ़ता है यहाँ, मॅडम?’ फोरमन हसून म्हणाले. मला बरे वाटावे म्हणून ते तसे म्हणाले हे मला कळले, आणि बरे वाटलेही. तो दिलासा फार तर दहा मिनिटे टिकला.

तो मुलगा वर सळ्यांच्या ढिगाशी बसला होता. विशीचा असेल. नंदुरबारकडचा, घरची बोली अहिराणी, शिक्षण मराठी शाळेत दहावीपर्यंत. कामावर येऊन महिनाच झाला होता. मी कोण ते सांगितल्यावर तो उभा राहिला.

‘मी वाचलं होतं, ताई,’ तो म्हणाला. ‘दोनदा वाचलं.’

मग त्याने पाकिटातून घडी घातलेले नववे पान काढले. नटाच्या खाचा चॅनलच्या खाचेत. चॅनलची खाच म्हणजे ते लांब तोंड, हे त्याने बरोबर ओळखले होते, कारण आदल्या पानावर मी तोंडालाच खाच म्हटले होते. नटावरच्या खाचा उभ्या दिसतात, तोंडही उभे, मग उभ्यात उभे बसवायचे. त्याचे काहीच चुकले नव्हते. आकृती होती, पण छपाईत काळवंडलेली. इतर मुले फोरमनच्या हाताकडे बघून शिकली होती आणि त्यांचे नट नीट बसले होते. हा एकटा कागदावर विसंबला होता.

माझ्या एका अनुवादित कादंबरीच्या तीनशे प्रती निघाल्या. त्या कुणी वाचल्या असतील तर मला पत्र आलेले नाही. परीक्षणे आली त्यांत अनुवाद ‘ओघवता’ होता. माझे एक पान घडी घालून खिशात बाळगणारा, प्रत्येक शब्द जसाच्या तसा धरून चालणारा वाचक मला पहिल्यांदा भेटला तो हा, आणि त्याला मी शिडीवर चढवून तिरका नट हातात दिला होता. सॉरी म्हणाले मी. तो इतका ओशाळला की माझे चुकले ते म्हणणेही, असे वाटले.

वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांच्या काळात, 1890 साली, प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन उभे केले. रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम मातृभाषेतून शिकवायचे हा त्यांचा आग्रह. दादासाहेब फाळके तिथे शिकले. जादवपूरला मी ही गोष्ट वडोदऱ्याची बढाई म्हणून सांगत असे, शब्दांचा विजय म्हणून. तिथे शब्दांच्या शेजारी कार्यशाळा होती, हा भाग माझ्या सांगण्यात कधी आला नाही.

त्या दुपारी मी शब्द गोळा केले. मुलगा काठाला ‘वळलेला काठ’ म्हणत होता, नटावरच्या बारक्या रेषांना ‘दाते’, करवतीला असतात तसे. गुजराती हेल्पर नटाला ‘चाकी’ म्हणत होता. मराठीतले ‘आटे’ गुजरातीत ‘आंटा’ होतात, हिंदीत त्यांची ‘चूडी’ होते, आणि ते सगळे एकमेकांचे आटे बिनचूक समजून घेत होते. ‘तोंड’ तर सगळ्यांनाच चालत होते. मी नट हातात घेऊन स्वतः बसवून पाहिला. पहिल्यांदा तिरका गेला. दुसऱ्यांदाही. मुलाने मागून सांगितले, ‘आडवा होऊ द्या, ताई, मग थोडा पुढे ओढा,’ आणि ओढताच काठ चरांत बसला. ते बोटांना लगेच कळले, कारण त्यानंतर नट हलेना.

रात्री परतीच्या गाडीत मी नवी वाक्ये लिहिली. ‘नट तोंडातून उभा आत घाला आणि पाव फेरा फिरवून काटकोनात आडवा करा. चॅनलचे वळलेले काठ नटाच्या दोन्ही चरांत, दात्यांवर बसले पाहिजेत. बोल्ट घट्ट लागला म्हणजे नट बसला असे समजू नका. तोंडातून डोकावून नट आडवा आहे का ते पाहा.’ एजन्सीचे उत्तर आले की मूळ वाक्य एक आहे, तुमची चार झाली आहेत, आमच्या प्रणालीत एका वाक्यासमोर एकच वाक्य बसते. शिवाय वाढीव शब्दांचे पैसे मिळणार नाहीत. पैसे नकोत म्हणून कळवले. वाक्यांवर आठ दिवस घासाघीस झाली. शेवटी अर्धविराम टाकून चारींचे एक केले आणि प्रणाली समाधान पावली.

छापण्यापूर्वी मी ते फोनवर त्या मुलाला वाचून दाखवले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘ते काटकोन काढा, ताई. आडवा म्हटलं की झालं.’ मी काढले.

मग फोन फोरमनकडे गेला. पुढच्या महिन्यात गावाकडून बारा पोरे येणार होती, नवीन. हिंदी बोलतील, पण वाचणार नाहीत. वाचले तर ओडिया वाचतील. ‘आप ओडिया में कर देंगी, मॅडम?’

मला ओडिया येत नाही. बांगलाच्या आधाराने अक्षरे लावता येतील असे क्षणभर वाटले, आणि त्या वाटण्याची भीतीही वाटली. मी त्यांना थांबायला सांगितले. या अंकाच्या ओडिया विभागात लिहिणाऱ्या कुणाला दोन दिवस सुरतेत काढता येतील का? नववे पान माझ्याकडे आहे, आणि दोन नटही.