छाट काढण्याआधी

संस्था चांगल्या मनाच्या माणसांवर चालतात, असं मी पुष्कळ वर्षं मानत आलो. कार्मिक विभागात नोकरी झाली. नव्या सुपरवायझरांना हेच सांगायचो. साहेब समजूतदार असला की कामगाराचं निभतं, नियम कोरडे असेनात का.

हे मत सोलापुरातल्या बिडी कामगार बायकांमुळे बदललं. यांतल्या कितीतरी जणी तेलुगू घरांतल्या. कंपनीच्या ब्रँचमधून तेंदूचं पान आणि तंबाखू तोलून आणायचा, घरी बसून बिड्या वळायच्या, नेऊन द्यायच्या. मजुरी हजारावर. चेकर छाट काढतो, म्हणजे नापसंत बिड्या बाजूला टाकतो, तेवढे पैसे गेले. तो दयाळू असेल तर चार बिड्यांकडे काणाडोळा करेल. पण पानच फाटकं, वाळकं मिळालं असेल, तर हजार भरायला बाई पदरचे पैसे घालून पान विकत आणते. वळलेल्या बिडीवर त्या खर्चाची कुठलीच खूण नसते. चेकरच्या दयेला तो दिसणार कसा? आणि चेकर बदलला की दयाही गेली.

याउलट सोलापूरजवळच्या कुंभारीला जे झालं ते कुणाच्या स्वभावावर अवलंबून नव्हतं. बिडी वळणारीचं घर हाच तिचा कारखाना. 1966 च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने तिला घरी बसूनही कामगार मानलं. पण गळक्या झोपडीत पान कोरडं ठेवायचं कुठे, हे वळणारीलाच ठाऊक. कामगार नेते आडम मास्तर, म्हणजे नरसय्या आडम, यांच्या लाल बावट्याच्या चळवळीत या बायका घराच्या मागणीसाठी मोर्चांत उतरल्या, गोदूताई परुळेकरांच्या नावाच्या सहकारी संस्थेच्या सभासद झाल्या. 2006 मध्ये 10,000 घरांची वसाहत उभी राहिली. पुढे तिथेच रे नगरची 30,000 घरांची योजना आली, त्यातली पहिली 15,000 घरं 19 जानेवारी 2024 रोजी कामगारांच्या हाती पडली. दिल्लीत सरकारं बदलली, तरी मागणी बदलली नाही, कारण ती मांडणाऱ्या तिथेच होत्या. कुंभारी शहराबाहेर आहे, जाण्यायेण्याचा त्रास आहे, हे मी विसरत नाही.

म्हणून आता सुपरवायझरांना मी मन मोठं करा असं सांगत नाही. छाटीच्या नोंदीशेजारी त्या दिवशी दिलेल्या पानाचा दर्जा लिहा, असं सांगतो. आणि तो ठरवताना बिडी वळणारी एक बाई तिथे हजर हवी, तिच्या सहीशिवाय छाटीचे पैसे कापू नयेत, एवढा माझा आग्रह आहे.