बॉनेटखालचा भाडेकरू

धानाची कापणी आटोपली, थंडी पडायला लागली की मौद्यात शेतातले उंदीर वस्तीकडे वळतात. बांधावर आता खायला फारसं काही नसतं, आणि अंगणात उभी असते नुकतीच फिरून आलेली गरम गाडी. याहून चांगली गादी त्यांना कुठे मिळणार?

आमच्याकडे गाडी हौसेची नाही. बाबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नागपूरला न्यावं लागतं. मधले दिवस ती उभीच असते. मागच्या डिसेंबरात एका पहाटे किल्ली फिरवली, तर इंजिन नुसतं थरथरलं. बॉनेट उघडलं. बॅटरीशेजारी तणसाचं घरटं, आणि वायरी कुरतडलेल्या. बाबा शाल गुंडाळून मागे बसले होते. काहीच बोलले नाहीत. शेजारच्या काकाजींनी त्यांची गाडी काढली म्हणून त्या दिवशी वेळेत पोचलो.

मग सल्ल्यांचा पूर आला. डांबरगोळ्या, तंबाखूची पानं, फिनाइल... इंजिनाच्या उष्णतेनं वास उडून जातो, आणि उरलेल्या वासाला उंदीर सरावतो. चवीचा तर प्रश्नच नाही. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. होंडा कंपनी मिरचीतलं कॅप्सेसिन लावलेली चिकटपट्टी विकते म्हणे. भिवापुरी मिरचीच्या जिल्ह्यात राहून हे आम्ही जपानी कंपनीकडून शिकायचं! (गंमत म्हणजे पक्ष्यांना हा तिखटपणा जाणवत नाही, उंदराला मात्र झोंबतो.) विष मी टाळलं. एसीच्या नळीत मेलेला उंदीर शोधायचा कुणी? आणि तो मांजरानं खाल्ला तर?

काकाजी म्हणाले ते जास्त पटलं, "भाऊ, उंदराले थाराच नोको देऊ." तणसाचा ढीग गाडीपासून लांब हलवला. ढेप झाकणाच्या पिंपात गेली. मेकॅनिककडून हवा आत घेणाऱ्या तोंडांना बारीक स्टीलची जाळी बसवून घेतली. प्लास्टिकची लावली तर तीही कुरतडतात. गाडी उभी असेल त्या दिवशीसुद्धा एक चक्कर होतेच, आणि रात्री बॉनेट उघडं. अंधार गेला की घरट्याची गंमत जाते.

रोज टॉर्च घेऊन लेंड्या आणि तणसाच्या काड्या शोधायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय. नागपूरला जायच्या आदल्या रात्री तर दोनदा.