बरे झाल्यानंतरचे वर्ष

बुलिमिया या आजाराचे पहिले नेमके वर्णन लंडनचे मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी 1979 साली केले. भरमसाट खाणे आणि मग वजनाच्या धास्तीने ते ओकून टाकणे किंवा उपाशी राहणे, असे त्याचे चक्र असते. ते थांबले की उपचार संपले, असे घरच्यांना वाटते. पण आजार उलटण्याचा धोका बरे झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षातच मोठा असतो, आणि त्याच काळात दवाखान्याच्या फेऱ्या कमी होतात. समुपदेशकाशी होणाऱ्या ऑनलाइन भेटींचे मोल इथे कळते.

प्रस्तुत लेखिकेच्या भेटी दर बुधवारी दुपारी चारला स्वयंपाकघरात होत. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवलेला, समोर बशीत पोहे. खाण्याच्या वेळा न चुकवणे हा बुलिमियाच्या उपचाराचा कणा, म्हणून चारचे खाणे समुपदेशक ताईंसमोरच होई. पडद्यावरचा स्वतःचा चेहरा आधी झाकायचा, कारण नजर सारखी गालांकडे जाते. मग वहीतल्या नोंदी वाचायच्या: काय खाल्ले, किती वाजता, कुठे, तेव्हा मनात काय होते. उष्मांकांचा हिशोब त्यात नसतो.

मराठी घरात धोक्याची सर्वांत फसवी खूण म्हणजे उपवास. श्रावणी सोमवारचे कौतुकच होते. त्याला शनिवार जोडला, एकादशी जोडली, पुढे साबुदाण्याची खिचडीही नको झाली, तरी कुणाला शंका येत नाही. लेखिकेच्या वहीत एका आठवड्यात चार दिवस ‘उपवास’ एवढाच शब्द आला, तेव्हा ताईंनी विचारले, “हा उपवास देवाचा, की आजाराचा?” उत्तर द्यायला बराच वेळ लागला. आदल्याच रात्री फ्रिजपाशी उभ्याने खाणे आणि नंतरची उलटी, दोन्ही झाले होते.

ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांच्या उपचारपद्धतीत एकदा पाय घसरणे आणि आजार उलटणे या दोन वेगळ्या गोष्टी मानतात. ‘सगळे मुसळ केरात’ हा विचारच एका घसरणीचा आजार करतो. उपाय साधा, पण करायला फार जड: पुढचे जेवण चुकवायचे नाही. लेखिकेने दुसऱ्या दिवशी सकाळी आईशेजारी बसून भाकरी खाल्ली आणि उरलेले उपवास सोडले.

पुढे भेटी पंधरवड्याने, मग महिन्याने होतात. मात्र उलट्या वाढल्या, चक्कर आली किंवा छातीत धडधडू लागले, तर पडद्यावरची भेट पुरत नाही. रक्तातले पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडू शकते. त्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठून रक्ततपासणी आणि ईसीजी करावा लागतो.