पगार झाल्याची खबर

सातारा-सांगलीकडच्या आमच्या पिढीला महिन्याची दहा तारीख कॅलेंडरात बघावी लागत नसे. पाटण, जावळी, शिराळ्याच्या खोऱ्यातल्या कितीतरी घरांचा कर्ता माणूस मुंबईला असायचा, गिरणीत नाहीतर गोदीत माथाडी म्हणून. मोठ्या कारखान्यांनी दहा तारखेच्या आत पगार करायचा हे 1936 च्या कायद्यानंच ठरवून दिलेलं. त्यामुळे बारा-पंधरा तारखेला आज्जीची नजर पाणंदीकडे लागे. "पोस्टमनतात्या दिसला का रं?" हे ती दिवसातून चारदा तरी विचारायची, आणि आम्ही चारदा वेशीपर्यंत पळून यायचो.

पोस्टमनतात्या ओट्यावर बसून नोटा मोजून द्यायचे. आज्जीचा अंगठा, साक्षीला शेजारच्या गुरुजींची सही. मग ते मनिऑर्डरच्या फॉर्मचा तळाचा तुकडा फाडून आमच्या हातात देत. त्यावर चार ओळी मावतील एवढीच जागा असायची. 'बाळ्याच्या वह्या घ्या. बैलाचं औषध राहू देऊ नका. गणपतीला येतो.' पैसे आज्जीच्या कनवटीला जात, पण तो तुकडा सगळ्या घराचा. संध्याकाळपर्यंत तो तीनदा तरी मोठ्यानं वाचून व्हायचा. फॉर्मचा दुसरा भाग, पोच, अंगठ्यासकट परत मुंबईला जायचा. चाळीतल्या खोलीत पैसे पाठवणाऱ्या आबांनी या पावत्या पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. आईचा अंगठा दिसला की पैसे पोचले, शिवाय आई धडधाकट आहे, हेही त्यांना कळायचं. 1880 पासून चालत आलेली ती कागदी मनिऑर्डर 2015 मध्ये बंद झाली.

शहरातली घरं मात्र पासबुकाची. साताऱ्याला 1936 सालची युनायटेड वेस्टर्न बँक, सांगलीला 1916 सालची सांगली बँक; मास्तर, एसटीतले, कचेरीतले, कितीतरी जणांची खाती तिथं. शाळेतून येताना पासबुक भरून आणायचं काम मुलांकडे असे. पगार जमा झाला की नाही हे जाऊन विचारल्याशिवाय कळायचा मार्गच नव्हता. नसेल झाला तर परवा पुन्हा रांगेत. पुढे साताऱ्याची बँक 2006 मध्ये आयडीबीआयमध्ये आणि सांगलीची 2007 मध्ये आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. पाट्या बदलल्या तेव्हा आमच्या घरातली मोठी माणसं खरोखर हळहळली होती.

आमच्याच बरोबरीचा एक मित्र आता एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांसाठी पगाराचं सॉफ्टवेअर चालवतो. पूर्वी त्याचं सॉफ्टवेअरही आमच्यासारखंच दर थोड्या वेळानं बँकेच्या संगणकाला विचारत बसायचं, पैसे गेले का, गेले का. आता वेबहुक आहे. सॉफ्टवेअरनं आपला एक पत्ता बँकेकडे नोंदवून ठेवायचा. एखाद्याचा पगार जमा झाला किंवा परत आला, की बँकेची यंत्रणा स्वतःहून त्या पत्त्यावर कळवते. निरोप खरंच बँकेचा आहे ना, हे गुप्त सहीवरून तपासलं जातं. तेवढं झालं की कामगाराच्या फोनवर एसएमएस. 2021 च्या ऑगस्टपासून घाऊक पगार रविवारी आणि सुटीच्या दिवशीही जमा होऊ लागले, तेव्हा ही खबर रविवारी भाकरी थापतानाही येते.

त्याची कळकळ मला पटते ती बारीक गोष्टींत. पोच वेळेत मिळाली नाही की बँकेची यंत्रणा तोच निरोप पुन्हा धाडते. म्हणून तो प्रत्येक निरोपाचा क्रमांक टिपून ठेवतो, नाहीतर एका पगाराचे दोन एसएमएस जातील आणि घरात दुप्पट पैशांचा हिशेब मांडला जाईल. आयएफएससी चुकला म्हणून पगार परत आला, तर कामगाराला कारणासकट लगेच कळतं. दुकानदारापुढं उभं राहिल्यावर नव्हे. आणि निरोप मराठीतच जातो. इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात, देवनागरीत 70, म्हणून खर्च वाढतो, कारखानदार कुरकुरतात. तरी त्यानं मराठी सोडली नाही. ज्याच्या कष्टाचे पैसे, त्याला त्यातून काय कापलं गेलं हे वाचता आलंच पाहिजे.

माझं त्याच्याशी भांडण एकाच गोष्टीवर होतं. पगाराची खबर पूर्वी घराला यायची, आता ती एका खिशात येते. गावाकडच्या आईला ती मुलानं फोन केला तरच कळते. यंत्रणेला एका घटनेवर दोन निरोप पाठवणं अजिबात जड नाही. कामगाराची लेखी संमती घ्यावी, रक्कम हवी तर गाळावी, आणि 'मुलाचा पगार झाला' एवढं घरच्या नंबरावरही जाऊ द्यावं. पुढच्या महिन्यापासून तो फॉर्मवर दुसऱ्या नंबराचा रकाना ठेवतो म्हणालाय, आणि मोकळ्या चार शब्दांचाही.